एम. आर. जेम्स : भयकथा, अद्भुतकथा आणि सफोकचा स्थानिक इतिहास

मॉन्टेग्यू ऱ्होड्स जेम्स (१८६२–१९३६) यांचे नाव निघाले की चर्चा सहसा भुतांच्या गोष्टींपलीकडे जात नाही. ‘ओ, व्हिसल, अँड आय'ल कम टू यू, माय लॅड’ किंवा ‘कास्टिंग द रून्स’ यांपैकी एखादी कथा कोणत्या ना कोणत्या संग्रहात वाचलेली असते आणि तेवढ्यावर लेखक आपल्याला माहीत आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात चार भयकथासंग्रह लिहिणाऱ्या या गृहस्थांनी मुलांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहिली, अँडरसनच्या चाळीस परीकथा डॅनिशमधून इंग्रजीत आणल्या, इंग्लंडच्या पूर्वेकडील दोन परगण्यांचा गावोगावचा इतिहास सांगणारे पुस्तक लिहिले, एका रेल्वे कंपनीसाठी पडक्या मठांवर ग्रंथ केला आणि हे सर्व चालू असताना केंब्रिजच्या महाविद्यालयांतील मध्ययुगीन हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूच्या तयार करण्याचे प्रचंड कामही केले. या पुस्तकांची तीन कप्प्यांत वाटणी करण्याची रूढी आहे : इतिहास हा त्यांचा व्यवसाय, भयकथा ही मित्रांची करमणूक आणि मुलांची कादंबरी हा विरंगुळा. मला ही वाटणी पटत नाही. जेम्स यांच्या भयकथा स्थानिक इतिहासकाराच्याच भयकथा आहेत आणि त्यांचा इतिहास बाजूला ठेवून वाचल्यास त्या अर्ध्याच हाती लागतात, असे माझे मत आहे. ते मांडावे आणि इतरांचे ऐकावे म्हणून हा धागा काढत आहे. काही कथांचे शेवट पुढे उघड झाले आहेत, तेव्हा ज्यांना त्या कोऱ्या मनाने वाचायच्या असतील त्यांनी आधी कथा वाचाव्यात.

जेम्स यांचा जन्म केंटमधला, परंतु वडील धर्मोपदेशक म्हणून सफोक परगण्यातील ग्रेट लिव्हरमियर या खेड्यात गेल्यामुळे त्यांचे बालपण तिथल्या चर्चच्या निवासस्थानात गेले. तिथून काही मैलांवर बरी सेंट एडमंड्स हे गाव आहे. पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड ८६९ साली डेन आक्रमकांकडून मारला गेला, पुढे तो संत मानला गेला आणि त्याच्या अवशेषांभोवती जो मठ वाढला तो इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत मठांपैकी एक झाला. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात देशभरातील मठ बरखास्त केले, त्यात हाही गेला. त्याचे ग्रंथालय पांगले, इमारतींचे दगड लोकांनी नेले, आणि ज्या मठाधिपतींचा कारभार इतिहासात नोंदलेला आहे त्यांच्या कबरी कुठे आहेत हेसुद्धा विस्मरणात गेले. जेम्स यांनी १८९५ साली या मठाच्या ग्रंथालयाविषयी आणि चर्चविषयी एक अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी शोधून काढलेल्या एका हस्तलिखिताच्या आधारे १९०२ साली तिथे उत्खनन झाले आणि बाराव्या शतकातील मठाधिपतींच्या त्या हरवलेल्या कबरी खरोखरच सापडल्या. ‘घोस्ट स्टोरीज ऑफ ॲन अँटिक्वेरी’ हा त्यांचा पहिला भयकथासंग्रह १९०४ सालचा आहे. जुन्या कागदातील नोंद वाचून झाकलेली कबर उघडणारा संशोधक आणि जुन्या कागदातील नोंद वाचून नको ते उघडणाऱ्या माणसांच्या गोष्टी लिहिणारा कथाकार हे त्या काळात एकाच टेबलावर काम करत होते, हे विसरून त्या गोष्टी कशा वाचायच्या?

याच संग्रहातील ‘द ॲश-ट्री’ घ्या. कथा सफोकमधील एका वाड्यात घडते. १६९० साली मिसेस मदरसोल या स्त्रीवर चेटकाचा आरोप येतो, वाड्याचा धनी सर मॅथ्यू फेल तिच्याविरुद्ध साक्ष देतो, तिला बरी येथे फाशी होते, आणि वाड्यावर पाहुणे येतील एवढेच ती म्हणून जाते. पाहुणे येतात ते खिडकीलगतच्या झाडातून, पिढ्या ओलांडून. आता याच्या मागचा इतिहास पाहा. बरी येथे १६४५ साली चेटकाच्या आरोपावरून एकाच दिवशी अठरा जणांना फाशी देण्यात आली होती, आणि १६६२ साली लोस्टॉफ्टच्या दोन स्त्रियांना ज्या न्यायाधीशाने फाशी सुनावली त्याचे नाव मॅथ्यू हेल. फेल हे नाव हेलवरून सुचले असावे असे मला वाटते. मदरसोल हे आडनाव तर लिव्हरमियरच्या चर्चच्या आवारातील थडग्यांवर आजही वाचता येते. त्या खटल्यांतील आरोपींच्या अंगी खरोखरच काही शक्ती होती, तसा त्यांचा समज होता, की छळ करून त्यांच्याकडून कबुली घेतली गेली, याचा निर्णय कथेचा निवेदक देत नाही. पुराव्यापलीकडे न जाण्याची ही सवय सूचीकाराची आहे, आणि तीच इथे भयाच्या कामी आली आहे.

माझ्या दृष्टीने या संपूर्ण लेखनाचा मध्यबिंदू म्हणजे ‘अ वॉर्निंग टू द क्युरियस’ ही १९२५ सालच्या संग्रहातील कथा. सीबर्ग नावाच्या किनाऱ्यावरील गावात पॅक्स्टन नावाच्या एका तरुणाला समजते की परकीय आक्रमण रोखण्यासाठी पूर्व अँग्लियाच्या किनाऱ्यावर प्राचीन काळी तीन पवित्र मुकुट पुरले होते. त्यांपैकी एक रेंडलशॅम येथे निघाला आणि वितळवला गेला, दुसऱ्याची जागा समुद्राने गिळली, तिसरा अजून जमिनीत आहे. एजर नावाच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण केली, आणि त्या घराण्यातला शेवटचा तरुण क्षयाने वारला आहे. पुरलेल्या धनावर राखणदार असतो ही कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही, पण जेम्स यांनी तिला जी कलाटणी दिली आहे ती विलक्षण आहे. पॅक्स्टन लोभी नाही. तो मुकुट विकणार नाही, तो घाबरून स्वतः परत पुरतो, तरीही त्याला क्षमा मिळत नाही. राखणदाराच्या लेखी हेतू चांगला की वाईट हा प्रश्नच उद्भवत नाही. जागा उकरली एवढाच गुन्हा आहे.

या कथेतील सामग्री किती खरी आहे ते तपासण्याजोगे आहे. तीन मुकुट हे पूर्व अँग्लियाचे जुने बोधचिन्ह आहे. रेंडलशॅम येथे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीचा एक मुकुट सापडून वितळवला गेल्याची नोंद जुन्या स्थलवर्णनांत मिळते. डनिच हे एकेकाळचे भरभराटीचे बंदर समुद्राने खरोखरच गिळले आहे. सीबर्ग म्हणजे ऑल्डबरा हे गाव, हे जेम्स यांनीच नंतर सांगितले, आणि तिथे त्यांच्या आजीचे घर असल्यामुळे तो किनारा त्यांना लहानपणापासून माहीत होता. खोटी आहे ती फक्त या तिन्ही गोष्टींना जोडणारी दंतकथा. ती या कथेपूर्वी कुठे नोंदलेली नाही असेच अभ्यासक मानतात. कथा प्रसिद्ध झाल्यावर चौदा वर्षांनी, म्हणजे जेम्स यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९३९ साली रेंडलशॅमपासून काही मैलांवर सटन हू येथे अँग्लो-सॅक्सन राजाचे नौकादफन उत्खननात निघाले. यात कोणी भविष्यवाणी शोधू नये. आपल्या परगण्याच्या जमिनीत काय असू शकते याचा अंदाज त्यांना होता, एवढाच अर्थ मी काढतो.

‘सफोक अँड नॉरफोक’ हे पुस्तक १९३० साली प्रसिद्ध झाले. त्यात दोन परगण्यांतून प्रवास करत वाटेतील गावे, मठ आणि विशेषतः चर्च यांची माहिती दिली आहे : रंगवलेले लाकडी पडदे, छताच्या तुळयांना लगटून बसलेले कोरीव देवदूत, फुटून उरलेल्या रंगीत काचा, कोणत्या काचेत कोणता संत आहे याची ओळख. ते कादंबरीसारखे सलग वाचण्याचे पुस्तक नव्हे, आणि काही पाने निव्वळ याद्यांसारखी कोरडी आहेत हे मान्य करायला हवे. परंतु भयकथा वाचून झाल्यावर ते हाती घेतले की प्रत्येक नोंदीआड एक न लिहिलेली कथा उभी असल्यासारखे वाटते. १६४४ मध्ये विल्यम डाउसिंग या अधिकाऱ्याने सफोकच्या चर्चांमधील मूर्ती आणि चित्रे फोडत जी फेरी काढली तिच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. ज्यावरचे चेहरे खरवडलेले आहेत असा रंगवलेला पडदा रोज पाहणाऱ्या माणसाला चेहरा नसलेले भूत सुचले तर नवल नाही. ‘ॲबीज’ हे दुसरे पुस्तक १९२५ सालचे, म्हणजे मुकुटाच्या कथेच्याच वर्षाचे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपल्या मार्गावरील पडक्या मठांकडे प्रवासी वळावेत म्हणून ते प्रसिद्ध केले. ते सुबोध आहे आणि सुरुवात करायला बरे आहे.

‘द फाइव्ह जार्स’ या १९२२ सालच्या मुलांच्या कादंबरीविषयी मला फारसे बोलण्यासारखे वाटत नाही. एका ओढ्याच्या मागोमाग गेलेल्या निवेदकाला पाच बरण्यांची पेटी सापडते आणि त्यांतील लेप लावताच त्याला छोट्या अदृश्य लोकांचे जग दिसू लागते, प्राण्यांची भाषा कळू लागते. कल्पना गोड आहे, पण तिच्यात भयकथांतले काठिण्य नाही. या कादंबरीला माझ्या मांडणीत कुठे बसवावे हे मला नीट सुचलेले नाही, तेव्हा जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद : भीती इतिहासातून येते की स्पर्शातून?

धागालेखकांचे विवेचन माहितीपूर्ण आहे, तरीही मूळ प्रतिपादनाशी मी सहमत नाही. जेम्स वाचताना अंगावर काटा येतो तो मठ कधी बरखास्त झाले हे ठाऊक असल्यामुळे येत नाही. ‘कास्टिंग द रून्स’मध्ये अंधारात डनिंग उशीखाली हात घालतो आणि त्याच्या बोटांना एक तोंड लागते, दात असलेले, भोवती केस असलेले, आणि माणसाचे नसलेले. ‘द ट्रेझर ऑफ ॲबट थॉमस’मध्ये विहिरीच्या भिंतीतून ओढून काढलेली चामड्याची पिशवी नायकाच्या गळ्यात हात टाकते. ‘द डायरी ऑफ मिस्टर पॉयंटर’मध्ये आपला कुत्रा जवळ बसला आहे असे समजून वाचता वाचता एक गृहस्थ भलत्याच केसाळ गोष्टीला कुरवाळत राहतात. या तिन्ही ठिकाणी भय स्पर्शाचे आहे, आणि ते समजायला सफोकचा नकाशा लागत नाही.

इतिहास हा या कथांचा पोशाख आहे असे मी म्हणेन. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये नाताळच्या आदल्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मित्रांना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी त्या लिहिल्या गेल्या. श्रोते सगळे विद्वान होते, म्हणून पात्रेही विद्वान, म्हणून हस्तलिखिते आणि चर्चच्या काचा. तेच श्रोते खलाशी असते तर याच लेखकाने जहाजांच्या गोष्टी लिहिल्या असत्या आणि त्या तितक्याच भयानक झाल्या असत्या.

आणखी एक अडचण म्हणजे भूगोलाची. प्रसिद्ध झालेली त्यांची सर्वांत जुनी भयकथा फ्रान्समधील पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट बर्ट्रांड द कोमांज येथे घडते. ‘नंबर १३’ डेन्मार्कमधील वीबोर्ग गावची, तर ‘काउंट मॅग्नस’ स्वीडनमधली. मग स्थानिक इतिहासाचा सिद्धांत या कथांना कसा लावायचा?

प्रतिसाद : पाच बरण्यांच्या बाजूने

‘द फाइव्ह जार्स’ इतक्या सहज बाजूला सारण्यासारखी नाही. ती एका लहान मुलीला लिहिलेल्या पत्राच्या स्वरूपात आहे. ती मुलगी म्हणजे जेम्स मॅकब्राइड यांची कन्या जेन. मॅकब्राइड हे जेम्स यांचे निकटचे मित्र. पहिल्या संग्रहाची चित्रे तेच काढत होते, पण १९०४ साली शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला तेव्हा चारच चित्रे पूर्ण झाली होती. जेम्स यांनी दुसरा चित्रकार घेतला नाही, ती चारच चित्रे छापली आणि पुस्तक एका अर्थी मित्राचे स्मारक झाले. मुलीचा जन्म वडिलांच्या पश्चात झाला, आणि जेम्स तिचे पालक झाले. म्हणजे पहिला भयकथासंग्रह वडिलांसाठी आणि अद्भुत कादंबरी मुलीसाठी, असा हा संबंध आहे. या दोन पुस्तकांना एकमेकांपासून तोडणे चरित्राच्या दृष्टीनेही योग्य नाही.

धागालेखकांना ही कादंबरी आपल्या मांडणीत बसत नाही असे वाटते. मला तर ती त्या मांडणीची उलटी बाजू वाटते. भयकथांत सापडलेली वस्तू सापडणाऱ्याची नसते. शिटी असो, मुकुट असो वा मठाधिपतीचे सोने, तिच्यावर कोणाचा तरी हक्क आधीच असतो. कादंबरीत मात्र ओढाच निवेदकाला वाट दाखवतो, झाडे-झुडपे मदत करतात, पेटी त्याने घ्यावी अशीच त्या जागेची इच्छा असते. त्या बरण्या बळकावू पाहणारे दुष्ट जीव रात्री घराभोवती घिरट्या घालू लागतात तेव्हा भूमिका पूर्ण फिरलेल्या असतात : राखणदार आता निवेदक आहे आणि बाहेरचे ते चोर आहेत. त्या रात्रींची प्रकरणे मुलांच्या पुस्तकाच्या मानाने चांगलीच अस्वस्थ करणारी आहेत. त्यांत ‘काठिण्य’ नाही हे विधान घाईचे वाटते.

प्रतिसाद : धागालेखकाकडून

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. पाच बरण्यांविषयी आपण जे लिहिले आहे ते मला पटले. जागेने बोलावलेला माणूस आणि न बोलावता आलेला माणूस हा भेद लक्षात घेतला की ती कादंबरी भयकथांच्या शेजारी ठेवता येते.

स्पर्शाचा मुद्दा मी नाकारत नाही. परंतु तो स्पर्श केव्हा होतो हे पाहावे. पिशवी गळ्यात हात टाकते त्याआधी काचेवरील संतांच्या चित्रांत लपवलेले लॅटिन कूट उकलण्यात पानेच्या पाने गेलेली असतात, आणि वाचकाला त्या उकलीचा आनंद मिळत असतो. तो आनंद नसता तर त्या मिठीचा धक्का एवढा बसला नसता. कथेत येणाऱ्या, जर्मनीतील स्टाइनफेल्ड मठाच्या रंगीत काचा इंग्लंडमधील ॲशरिज येथील खाजगी चर्चमध्ये खरोखरच आल्या होत्या आणि जेम्स यांनी त्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आहे. संशोधकाचे काम वाचकाकडून करवून घेतल्यावर जेम्स त्याला शिक्षा करतात. खलाशांच्या गोष्टींत हे साधले असते असे मला वाटत नाही.

‘द मेझोटिंट’चे उदाहरण तर निर्णायक म्हणता येईल. एका विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी इंग्लंडमधील वाड्यांची आणि चर्चची स्थळचित्रे जमवणाऱ्या गृहस्थांकडे एका सामान्य वाड्याचे छापचित्र येते. ते दर वेळी पाहताना बदललेले असते, हिरवळीवरून काहीतरी रांगत वाड्याकडे जाते आणि परतताना हातात मूल असते. स्पर्श कुठेच नाही, धोका कोणालाच नाही, सगळे खोलीत बसून पाहत आहेत. उलगडा होतो तो कशावरून? परगण्याच्या एका प्रवासमार्गदर्शकातील चार ओळींवरून आणि तो परगणा जाणणाऱ्या एका विद्वानाच्या आठवणीवरून. रांगत गेलेले ते म्हणजे फाशी गेलेला माणूस, एका जुन्या, उतरती कळा लागलेल्या घराण्यातला शेवटचा, आणि पुढे वाड्याच्या धन्याचा एकुलता वारस नाहीसा झाला. स्थानिक इतिहास काढून टाकला तर ही कथा उरतच नाही.

परदेशी कथांविषयी : वीबोर्गला नायक जातो तो तिथल्या दप्तरखान्यात डेन्मार्कच्या धर्मसुधारणेच्या काळातील कागद वाचायला, आणि हॉटेलातल्या खोलीचे गूढ त्या कागदांतील एका वादाशी जोडलेले निघते. स्थानिक म्हणजे स्वतःच्या गावचे असे मला म्हणायचे नव्हते. गाव कोणतेही असो, त्याला स्वतःची स्मृती आहे आणि ती दप्तरात आहे, ही दृष्टी स्थानिक इतिहासकाराची आहे.

प्रतिसाद : नॉरिचचा विल्यम

या चर्चेत एका पुस्तकाचा उल्लेख अजून आलेला नाही आणि तो आल्याशिवाय चित्र पूर्ण होणार नाही. ११४४ साली नॉरिच शहराजवळ विल्यम नावाच्या एका मुलाचा मृतदेह सापडला. काही वर्षांनी तिथल्या टॉमस ऑफ मनमथ या मठवासीयाने लॅटिनमध्ये त्याचे चरित्र लिहून शहरातील ज्यू लोकांनी धार्मिक विधी म्हणून त्याचा बळी घेतला असा आरोप केला. आरोप खोटा होता. पण मध्ययुगीन युरोपात पुढे शतकानुशतके ज्या आरोपावरून ज्यूंच्या कत्तली झाल्या, त्याची पहिली सविस्तर लिखित मांडणी ती हीच. या चरित्राचे एकमेव ज्ञात हस्तलिखित जेम्स यांना सफोकमधील ब्रेंट एली या गावच्या चर्चच्या छोट्याशा ग्रंथालयात आढळले, आणि ऑगस्टस जेसप यांच्यासह त्यांनी ते १८९६ साली प्रस्तावना आणि भाषांतरासह प्रसिद्ध केले.

त्याच्या तीन वर्षे आधी, २८ ऑक्टोबर १८९३ रोजी, केंब्रिजमधील चिटचॅट सोसायटी या मित्रमंडळात जेम्स यांनी आपल्या पहिल्या दोन भयकथा वाचून दाखवल्या होत्या. त्यांतील ‘लॉस्ट हार्ट्स’मध्ये मुलांचे बळी घेणारा कोण आहे? प्राचीन ग्रीक-रोमन गूढविद्येत पारंगत असलेला, घरात उत्तम ग्रंथसंग्रह बाळगणारा, गावात प्रतिष्ठित असलेला विद्वान. मध्ययुगीन लेखकाने बालहत्येचा आरोप परक्यांवर ढकलला होता. जेम्स यांनी गुन्हेगार अभ्यासिकेत बसवला. हे जाणूनबुजून केले की नाही यावर मी पैज लावणार नाही, पण ही दोन्ही कामे एकाच मनात जवळजवळ एकाच काळात चालू होती हे महत्त्वाचे आहे.

धागालेखकांच्या मांडणीला मी एक पुस्ती जोडेन. स्थानिक इतिहास म्हणजे फक्त सुंदर काचा आणि हरवलेले मुकुट असे नाही. चर्चच्या कपाटात जपून ठेवलेले पुस्तक खोटे आणि घातकही असू शकते. जेम्स यांच्या कथांत कागदपत्र कधीच निरुपद्रवी नसते, याचे एक मूळ इथेही असावे.

प्रतिसाद : खोट्या दस्तऐवजांचा कारागीर

वरील प्रतिसादाला धरून. हस्तलिखित नेमके किती पानांचे, कोणत्या शतकातील, कोणाच्या हातचे, हे आयुष्यभर काटेकोरपणे नोंदवणारा माणूस कथेत शिरताच बेधडक बनावट दस्तऐवज तयार करतो, ही गंमत मला जेम्स यांच्या लेखनात सर्वांत आवडते. ‘मार्टिन्स क्लोज’ ही जवळजवळ पूर्ण कथा सतराव्या शतकातील न्यायालयीन नोंदीच्या शैलीत आहे. न्यायाधीश जेफ्रीज हा इतिहासातील खरा, कुप्रसिद्ध न्यायाधीश आहे आणि त्याची खेकसण्याची तऱ्हा हुबेहूब उतरली आहे, मात्र खटला, आरोपी आणि मेल्यावर गाणे म्हणत येणारी ती मुलगी हे सारे कल्पित आहे. ॲबट थॉमसच्या कथेच्या आरंभीचा लॅटिन उतारासुद्धा लेखकाने स्वतः रचलेला आहे.

उलट बाजूने, खरी भुते त्यांच्या हाती आली तेव्हा त्यांनी त्यांना हातही लावला नाही. यॉर्कशरमधील बायलंड मठाच्या एका साधूने सुमारे १४०० साली एका हस्तलिखिताच्या मोकळ्या पानांवर परिसरातील बारा भूतकथा लिहून ठेवल्या होत्या. जेम्स यांनी त्या १९२२ साली ‘इंग्लिश हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ या इतिहासविषयक नियतकालिकात छापल्या, त्याही भाषांतर न करता, मूळ लॅटिनमध्ये, टीपांसह. त्याच वर्षी मुलांची कादंबरी प्रसिद्ध झाली. म्हणजे कथाकाराला हवे ते करण्याची मुभा होती, परंतु संपादकाला एक शब्द इकडचा तिकडे करण्याची नव्हती, आणि एकाच वर्षात दोघांनीही आपापली मर्यादा पाळली. स्थानिक इतिहास आणि भयकथा एकाच मुळाच्या आहेत हे धागालेखकांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र जेम्स यांनी स्वतः त्यांच्यामध्ये ठेवलेली भिंत आपण पाडू नये. ‘सफोक अँड नॉरफोक’मध्ये भय शोधायला जाणारा वाचक निराश होईल आणि तो दोष पुस्तकाचा नसेल.

प्रतिसाद : वाचनक्रमाविषयी विचारणा

चर्चा वाचून उत्सुकता निर्माण झाली. मी यांपैकी काहीच वाचलेले नाही. नेमकी कुठून सुरुवात करावी, आणि ही पुस्तके सहज मिळतात का, हे कोणी सांगितल्यास बरे होईल. जुनी इंग्रजी शैली जड जाईल अशीही थोडी धास्ती आहे.

प्रतिसाद : धागालेखकाकडून

भिंतीचा मुद्दा रास्त आहे, आणि ‘प्रत्येक नोंदीआड न लिहिलेली कथा’ हे माझे वाक्य त्या दृष्टीने जरा सैल झाले होते हे खरे. ती कथा वाचकाच्या मनात असते, नोंदीत नसते.

वाचनक्रमाविषयी : लेखकाच्या मृत्यूला सुमारे नव्वद वर्षे झाली असल्याने भारतात आणि ब्रिटनमध्येही या पुस्तकांवर प्रताधिकार उरलेला नाही, त्यामुळे चारही संग्रहांतील कथा आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. आरंभ ‘द मेझोटिंट’ने करावा. ती छोटी आहे, शैली संवादी आहे आणि विद्यापीठातील मंडळींची थट्टा वाचताना हसू येते. त्यानंतर ‘द ॲश-ट्री’, मग ‘ओ, व्हिसल’, आणि या तिन्ही रुचल्या तरच ‘अ वॉर्निंग टू द क्युरियस’. लॅटिन उतारे आले तर घाबरण्याचे कारण नाही, बहुतेक ठिकाणी त्यांचा अर्थ पुढच्याच परिच्छेदात दिलेला असतो. ‘मार्टिन्स क्लोज’ मात्र तूर्त बाजूला ठेवावी, तिची सतराव्या शतकातील न्यायालयीन भाषा नवख्या वाचकाला खरोखरच जड जाते. ‘द फाइव्ह जार्स’ कधीही वाचता येईल, आणि वरील प्रतिसाद वाचल्यानंतर मीही ती पुन्हा काढणार आहे. ‘सफोक अँड नॉरफोक’ची जुनी प्रत मिळाली तर सोबत त्या दोन परगण्यांचा मोठा नकाशा ठेवावा, कारण पुस्तकात गावांची नावे एकामागून एक येतात आणि नकाशावाचून तिसऱ्या पानावर दिशा हरवते.